शेंदराचे कवच आणि लेसरचा किरण

जुहू-विलेपार्ल्यापासून लोखंडवालापर्यंतच्या पट्ट्यात त्वचेचे सौंदर्य राखून देणाऱ्या दवाखान्यांची आता वाण नाही. हौसेने गोंदवून घेतलेले आणि पुढे नकोसे झालेले नाव पुसून टाकायचे असेल, तर तिथे एक यंत्र त्वचेवर धरले जाते. सेकंदाच्या अब्जांशात मोजावे लागणारे प्रकाशाचे झटके गोंदणाच्या शाईवर पडतात, शाईचे कण फुटतात आणि भोवतीच्या त्वचेला फारशी इजा होत नाही. शाई गडद, त्वचा उजळ. गडद वस्तू प्रकाश पिते आणि उजळ वस्तू तो परतवते, एवढ्यावर हा सारा व्यवहार उभा आहे. नीओडिमियम-याग या नावाने ओळखला जाणारा हाच लेसर युरोपातील वस्तुसंग्रहालयांत दगडी पुतळ्यांवरची शतकानुशतकांची काजळी उतरवितो. याच दवाखान्यांपासून वाहनाने अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर जोगेश्वरीची लेणी आहेत. सहाव्या शतकातील या शैव लेण्यातील शिल्पांचे चेहरे ओळखू येऊ नयेत इतके झिजले आहेत, आणि ओलाव्याने भिंती काळवंडल्या आहेत. एकाच उपनगरात माणसाच्या कातडीसाठी जे शास्त्र भाड्याने मिळते, ते देवाच्या कातळासाठी का उपलब्ध नसावे, असा प्रश्न एखाद्या संवेदनशील माणसाच्या मनात आल्यास नवल नाही.

प्रश्न स्वाभाविक आहे. मात्र त्याचे उत्तर वरवर दिसते तितके सरळ नाही. यंत्र विकत घ्या, आणा आणि लावा, असे म्हणणाऱ्यांना विज्ञान कळलेले नसते. आणि देवाच्या मूर्तीला यंत्र लावणे हाच मुळी अधर्म, असे म्हणणाऱ्यांना आपलीच परंपरा पुरती ठाऊक नसते. महाराष्ट्रातील देवस्थानांत गेल्या काही वर्षांत मूर्तीसंवर्धनावरून जे वाद झाले, ते बहुतेक या दोन टोकांच्या मधल्या पोकळीत झाले. म्हणून या तंत्राचे मर्म आधी नीट समजून घेतले पाहिजे.

लेसरचा शोध १९६० सालचा. अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीतून पहिला लेसर किरण काढला, तेव्हा या शोधाचे करायचे काय, हे शोध लावणाऱ्यांनाही पुरते उमगले नव्हते. १९६६ च्या नोव्हेंबरात व्हेनिस आणि फ्लॉरेन्स ही इटलीची दोन कलानगरे पुराच्या पाण्याखाली गेली आणि त्या आपत्तीतून कलासंवर्धनाचे आधुनिक शास्त्र झपाट्याने पुढे आले. व्हेनिसमधील संगमरवरी पुतळे समुद्राच्या खाऱ्या हवेने आणि कारखान्यांच्या धुराने विरघळत चालले होते. ते नष्ट होण्यापूर्वी त्यांची त्रिमित प्रतिमा, म्हणजे होलोग्राम, टिपून ठेवावी या हेतूने जॉन अ‍ॅस्मस नावाचा अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ १९७२ च्या सुमारास तिथे गेला. गेला होता चित्र घ्यायला. पण लेसरचा झोत दगडावरच्या काळ्या पापुद्र्यावर एकवटला की पापुद्रा उडून जातो आणि खालचा पांढरा संगमरवर जसाच्या तसा राहतो, हे तिथे ध्यानात आले. पुतळ्यांच्या अखेरच्या प्रतिमा घेण्यासाठी नेलेले साधन पुतळ्यांच्या शुश्रूषेचे साधन ठरले.

यामागचे भौतिकशास्त्र सुबोध आहे. हा किरण डोळ्यांना दिसत नाही; त्याची तरंगलांबी १०६४ नॅनोमीटर, म्हणजे तांबड्याच्याही पलीकडची. काजळी, धूर आणि जिप्सम यांचा काळा थर तो शोषून घेतो, क्षणार्धात तापतो आणि बाष्प होऊन फुटतो. झटका अवघा पाच-दहा नॅनोसेकंदांचा असल्याने उष्णतेला आत झिरपण्यास सवडच मिळत नाही. काळा थर उडाला की पुढचा झटका पांढऱ्या दगडावर पडतो आणि बहुतांशी परततो. म्हणजे साफसफाई आपली आपण थांबते. काळा थर उडविण्यास चौरस सेंटीमीटरला एका ज्यूलच्या आतबाहेर ऊर्जा पुरते. स्वच्छ संगमरवराला इजा होण्यास त्याच्या काही पट अधिक लागते. या दोन आकड्यांमधले अंतर हीच संवर्धकाची सुरक्षित जागा. काम चालू असताना बारीक चट्चट असा आवाज येत राहतो. काळा थर संपला की तो आवाज मंदावतो. कुशल संवर्धक डोळ्यांइतकाच कानावरही विसंबतो, असे म्हणावयास हरकत नाही.

याची जगातील सर्वांत देखणी उदाहरणे ग्रीसमध्ये सापडतात. अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिसवरील एरेक्थियॉन या देवालयाचे छत मस्तकी तोलून धरणाऱ्या सहा पाषाणकन्या होत्या. त्यांतील एक एल्गिन या ब्रिटिश सरदाराने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी उचलून नेली. ती आजही लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. उरलेल्या पाच प्रदूषणापासून वाचविण्यासाठी १९७९ साली देवालयावरून उतरविण्यात आल्या. २०११ ते २०१४ या काळात त्यांची लेसरने साफसफाई झाली. केवळ १०६४ नॅनोमीटरचा किरण वापरला तर संगमरवरावर पिवळसर छटा उरते, असा अनुभव होता. म्हणून क्रीट बेटावरील संशोधकांनी त्याच्या जोडीला ३५५ नॅनोमीटरचा अतिनील किरण वापरण्याची युक्ती काढली. दोहोंचे प्रमाण जुळविताच दगडाचा मूळ वर्ण अबाधित राहिला. हे काम कोठे बंद दाराआड झाले नाही. संग्रहालयाच्या दालनातच पडदे लावून, बाहेर पडद्यावर दृश्य दाखवीत, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या समक्ष ते पार पडले. ग्रीक माणसाने आपल्या पुरातन वैभवाची शुश्रूषा उघड्या डोळ्यांनी पाहिली. सहाव्या बहिणीची जागा मात्र त्या संग्रहालयाने मुद्दाम रिकामी ठेवली आहे.

फ्लॉरेन्समधील घिबेर्तीच्या सोनेरी ब्राँझ दरवाजांनाही लेसरने मोठा आधार दिला. रसायनांच्या कुंडात बुडवायचे तर प्रत्येक पटल चौकटीतून सोडवावे लागे, आणि सोडविताना तडा जाण्याचे भय. लेसरने ते जागच्या जागी स्वच्छ करता आले. १९६६ च्या पुरात घायाळ झालेले हे दरवाजे २०१२ मध्ये पुन्हा लोकांपुढे आले. फ्रान्समधील आमियां येथील महामंदिराच्या प्रवेशद्वारावरील शिल्पे लेसरने उजळली तेव्हा काजळीखाली मध्ययुगीन रंगांचे अवशेष सापडले. वाळूचा फवारा मारला असता तर ते कायमचे गेले असते. हे सारे वाचले की वाटते, आपल्याकडे हे आजच आणावे.

इथेच थबकले पाहिजे. ज्या देशांत हे तंत्र बहरले, तिथला दगड पांढरा आहे आणि मळ काळा. सह्याद्रीचा दगड मुळातच काळा आहे. महाराष्ट्रातील लेणी, हेमाडपंती देवळे आणि असंख्य ग्रामदैवते ज्या बेसाल्टमध्ये घडली, त्यात लोहयुक्त खनिजे भरपूर आहेत. ती खनिजेही अवरक्त प्रकाश तितक्याच आनंदाने पितात. म्हणजे मळ संपला तरी दगड किरण परतवीत नाही. तो तापत राहतो, आणि मर्यादा ओलांडली तर पृष्ठभागावरचे स्फटिक वितळून काचेसारखा थर धरू शकतात. संगमरवरावर जी साफसफाई आपोआप थांबते, ती काळ्या पाषाणावर माणसाला थांबवावी लागते. गोंदण पुसणाऱ्या वैद्यालाही हा धडा ठाऊक असतो. सावळ्या त्वचेवर तेच यंत्र अधिक सावधपणे चालवावे लागते, नाहीतर डाग जाऊन व्रण राहतो. गोऱ्या देशांतील पुस्तकावर विसंबून सावळ्या देशात उपचार करता येत नाहीत, हे वैद्यकाला कळले. वारसासंवर्धनालाही ते कळावयास हवे.

मळाचाही प्रकार वेगळा. युरोपातील काळा पापुद्रा प्रामुख्याने कोळशाच्या धुराचा आणि त्यातील गंधकाने चुनखडीचे जिप्सम झाल्याचा. जोगेश्वरी, अंधेरीची महाकाली, बोरिवलीचे मंडपेश्वर किंवा कान्हेरी येथील काळेपणा हा बहुतांशी चार महिन्यांच्या पावसाने पोसलेल्या शेवाळाचा, बुरशीचा आणि दगडफुलाचा. तो आज किरणाने जाळला तरी पुढच्या मृगात परत उगवणार. जुहूसारख्या किनाऱ्यावर त्यात मिठाची भर पडते. समुद्रावरून येणारे क्षार दगडाच्या छिद्रांत शिरतात, वाळले की स्फटिक होतात आणि फुगून दगडाचा पोपडा आतून सोडवितात. लेसर पृष्ठभागावरचे उडवितो. आत मुरलेले मीठ तो ओढून काढू शकत नाही. त्यासाठी ओल्या कागदी लगद्याचे लेप दिवसेंदिवस लावून क्षार शोषून घ्यावे लागतात. काम कंटाळवाणे आहे, स्वस्त आहे आणि त्याची छायाचित्रे वर्तमानपत्रात छापून येत नाहीत. म्हणूनच बहुधा त्याकडे कुणाचे लक्ष जात नाही. जोगेश्वरीच्या लेण्याभोवती वस्तीचा जो वेढा पडला आहे आणि जे पाणी झिरपते आहे, त्याचा बंदोबस्त झाल्याविना तिथे जगातील कोणतेही यंत्र नेणे म्हणजे छप्पर गळत असता भिंतीला रंग देणे होय.

तरीही आपल्याकडील सर्वांत नाजूक प्रश्न लेण्यांचा नाही. तो पूजेतल्या मूर्तींचा आहे, आणि त्याचे नाव शेंदूर.

वणीच्या सप्तशृंगी देवीचे उदाहरण वाचकांच्या स्मरणात असेल. पिढ्यान्‌पिढ्या भक्तांनी वाहिलेल्या शेंदराचे एक जाड कवच त्या अठराभुजा मूर्तीवर चढले होते. २०२२ च्या पावसाळ्यात मंदिर दर्शनासाठी बंद ठेवून ते उतरविण्यात आले. हजार किलोहून अधिक शेंदूर निघाला, आणि त्याखालून देवीचे मूळ, सुस्पष्ट, पुरातन रूप प्रकट झाले. त्या वर्षीच्या घटस्थापनेला भाविकांनी जे दर्शन घेतले ते त्यांच्या आजा-पणजांनाही घडले नव्हते. कित्येकांच्या डोळ्यांत पाणी आले. कित्येकांना मात्र ओळखीचा मुखवटा हरवल्यासारखे वाटले. दोन्ही भावना खऱ्या आहेत. शेंदूर हा भक्ताच्या लेखी मळ नसतोच. तो नवसाचा, कृतज्ञतेचा साठा असतो. युरोपातील संवर्धक ज्याला 'नंतरचा थर' म्हणेल, त्याला आपल्याकडे सेवा म्हणतात.

असे कवच लेसरने काढता येईल काय? शास्त्राचे उत्तर निःसंदिग्ध आहे : नाही, आणि तसा प्रयत्नही करू नये. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचे तांबडे ऑक्साइड, तेलात किंवा तुपात कालविलेले. शिशाची रंगद्रव्ये लेसरच्या झोतात काळवंडतात, हे पाश्चात्त्य चित्रांवरील सफेद्याच्या बाबतीत पुष्कळदा दिसून आले आहे. हिंगूळ, म्हणजे पाऱ्याचे तांबडे गंधकयुक्त द्रव्य, तेही काळे पडते. पिवळी गेरूमाती तापली की तांबडी होते. म्हणजे ज्या रंगांवर आपली धार्मिक कला उभी आहे, नेमके तेच रंग या किरणाला सर्वांत हळवे आहेत. शिवाय शिसे तापून उडाले तर त्याची वाफ विषारी. अरुंद, कोंदट गाभाऱ्यात असे काम करणे म्हणजे संवर्धक आणि पुजारी या दोघांच्याही फुप्फुसांशी खेळणे.

थोडे गणितही करून पाहावे. एका झटक्यात पाच मायक्रॉन थर उडतो असे धरले, तर एक सेंटीमीटर जाडीला दोन हजार झटके लागतील. सेकंदाला दहा झटके या गतीने एका ठिपक्याला दोनशे सेकंद. ठिपका पाच मिलिमीटर चौरसाचा धरला तर एका चौरस मीटरात असे चाळीस हजार ठिपके बसतात. सारे मिळून दोन हजार दोनशे तासांहून अधिक काळ, आणि तोही एकाच चौरस मीटरसाठी! जाड कवचासाठी हात, लाकडी कोरणी आणि अपार धीर यांना पर्याय नाही. किरणाचे काम असलेच तर अगदी शेवटी, दगडाला चिकटून राहिलेल्या अखेरच्या पातळ मळापुरते. आणि तेही दगडाची व रंगाची आधी परीक्षा झाल्यावर.

मग लेसर आपल्या देवळांना निरुपयोगी आहे काय? मुळीच नाही. त्याचा खरा उपयोग साफसफाईच्या आधी आहे, आणि याच मुद्द्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. प्रकाश पुसतो तसा तो पाहतोही. लेसर स्कॅनरने मूर्तीची मिलिमीटरच्याही आतील अचूकतेची त्रिमित नोंद करता येते. रामन वर्णपटदर्शनाने रंगद्रव्य कोणते, हे मूर्तीला स्पर्शही न करता ओळखता येते. अत्यंत सूक्ष्म ठिपक्यावर एक झटका मारून उडालेल्या ठिणगीच्या प्रकाशावरून त्यातील मूलद्रव्ये सांगता येतात. अवरक्त छायाचित्रात वरच्या थराखालची रेषा उमटते. वैद्य शस्त्र उचलण्यापूर्वी जशी नाडी पाहतो, तशी ही प्रकाशाची नाडीपरीक्षा आहे.

कोल्हापूरच्या अंबाबाईच्या मूर्तीचा वाद आठवावा. २०१५ साली पुरातत्त्व खात्याकडून मूर्तीवर रासायनिक संवर्धन झाले. त्यानंतर मस्तकावरील नागमुद्रा पूर्वीसारखी घडविली गेली नाही, असा आक्षेप उठला आणि प्रकरण पुढे कैक वर्षे चिघळत राहिले. २०२४ मध्ये मूर्तीच्या संवर्धनाचा विषय पुन्हा निघाला आणि पुन्हा काम करावे लागले. २०१५ च्या आधीची त्रिमित, सर्वांना पाहता येईल अशी नोंद अधिकृतपणे प्रसिद्ध असती, तर हा वाद एका दुपारी मिटला असता. आधी काय होते आणि नंतर काय झाले, हे दोन प्रतिमा शेजारी ठेवून कोणीही पाहू शकला असता. नोंद नसली की स्मरण हाच पुरावा होतो, आणि स्मरणावर चाललेला वाद कधी संपत नाही. ज्यांच्या हाती देवस्थानाचा कारभार असतो त्यांना ही पारदर्शकता नेहमीच सोयीची वाटते असे नाही; पण भाविकांचा तो अधिकार आहे.

पंढरपूरच्या श्रीविठ्ठलाच्या मूर्तीवरही १९८८, २००५, २०१२ आणि २०२० असे चार वेळा संवर्धनलेप देण्यात आले. लक्षावधी वारकऱ्यांच्या पदस्पर्शाने चरण झिजतात, आणि दूध-दही-मध-साखरेच्या अभिषेकाने दगडाची छिद्रे उघडी पडतात. प्रत्येक वेळी वर्तमानपत्रे त्याला 'वज्रलेप' म्हणतात. शब्द आपला आहे, द्रव्य मात्र आधुनिक रसायनशास्त्राचे. यात लाज वाटावे असे काही नाही. परंतु मूळ वज्रलेप काय होता, हे किती जणांना ठाऊक आहे? सहाव्या शतकात वराहमिहिराने 'बृहत्संहिते'त त्यासाठी स्वतंत्र अध्याय दिला आहे. कच्ची टेंभुर्णीची फळे, कच्ची कवठे, सावरीची फुले, साळईच्या बिया, धामणीची साल आणि वेखंड यांचा काढा करून तो आठव्या हिश्श्यावर आणावा, त्यात निरनिराळे डिंक व राळ मिसळावी आणि तापलेला असतानाच देवालये व प्रतिमा यांना लावावा, असे तो सांगतो. म्हणजे मूर्तीला संरक्षक लेप द्यावा, हा विचार या भूमीत दीड हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलेला आहे. तो काढा आज पाषाणाच्या नमुन्यांवर लावून, आधुनिक लेपाशी त्याची तुलना करून पाहण्याचे काम एखाद्या विद्यापीठाने अंगावर घ्यायला हवे. तो टिकेल किंवा टिकणार नाही. दोन्ही निष्कर्ष मोलाचे. आपल्या ग्रंथांत सर्व काही आहे असे नुसते म्हणत राहण्यापेक्षा प्रयोगशाळेत एक लेप उकळून पाहणे हे पूर्वजांना अधिक रुचले असते.

धर्मशास्त्राची अडचण पुढे करणाऱ्यांनाही हेच सांगावे लागते. मूर्तीला दुरुस्तीसाठी हात लावण्यापूर्वी तिच्यातील तत्त्व मंत्रपूर्वक कलशात आकर्षून घेण्याचा कलाकर्षण विधी आपल्या परंपरेत आहे. काम पूर्ण झाले की ते तत्त्व पुन्हा मूर्तीत स्थापन होते. मधल्या काळात शिल्पी आपले काम करतो. जी परंपरा इतका सूक्ष्म विचार करून ठेवते, तिला संवर्धनशास्त्राचे भय वाटण्याचे कारण काय? जीर्णोद्धार हा पुण्यकर्मांत गणला जातो. भय परंपरेला नसते; ते अर्धवट माहितीला असते.

परदेशी तज्ज्ञ आणले की काम निर्दोष होते, या समजुतीलाही महाराष्ट्राने एकदा मोठी किंमत मोजली आहे. अजिंठ्याची चित्रे १८१९ साली इंग्रजांच्या दृष्टीस पडली. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेचे ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून विद्यार्थ्यांकरवी त्यांच्या नकला करविल्या. नकलेसाठी रंग उठून दिसावेत म्हणून मूळ चित्रांवर व्हार्निश फिरविण्यात आले. पुढे १९२० ते १९२२ या काळात हैदराबादच्या निजामाच्या राजवटीत इटलीहून चेक्कोनी आणि ओर्सिनी हे दोन नामांकित संवर्धक बोलावण्यात आले. त्यांनी सुटू पाहणारे पोपडे भिंतीला चिकटविले, हे श्रेय त्यांचेच. पण त्याबरोबर चित्रांवर लाखेचा लेप चढविला. तो त्या काळी युरोपात मान्य होता, आणि त्यांचा हेतूही चांगलाच होता. परंतु मातीच्या गिलाव्यावरची ही चित्रे, तिथला दमट पावसाळा आणि कोरडा उन्हाळा यांचा त्या लेपाने विचार केला नव्हता. लाख पिवळी पडली, काळवंडली, आकसली आणि आकसताना खालचा रंग खेचू लागली. पद्मपाणीकडे पाहताना जो धूसर तपकिरी रंग दिसतो, त्यात काळाचा वाटा किती आणि या लेपाचा किती, हे सामान्य प्रेक्षकाला कळणे कठीण. स्वातंत्र्यानंतर पुरातत्त्व खात्याच्या रसायनज्ञांनी हा लेप तसूतसूने उतरविण्याचे काम केले. त्यातील कित्येकांची नावेही लोकांना ठाऊक नाहीत. कापसाच्या बोळ्याने एका दिवसात हातभर भिंत साफ करणाऱ्या या माणसांनी अजिंठा राखला.

असे व्हार्निश काढण्यासाठी आता २९४० नॅनोमीटरचा एर्बियम लेसर वापरला जातो. तो व्हार्निशातील व ओल्या द्रावकातील विशिष्ट रासायनिक बंधांत शोषला जातो आणि खालच्या रंगापर्यंत फारसा पोचत नाही. तैलचित्रांवर त्याचे परिणाम आश्वासक आहेत. अजिंठ्याला तो चालेल का, हे अजिंठ्याच्या भिंतीवर ठरवू नये, एवढेच १९२२ चा अनुभव सांगतो.

मग करावे काय? साधने आपल्याजवळ नाहीत, ही सबब टिकणारी नाही. पुरातत्त्व खात्याची विज्ञान शाखा १९१७ पासून आहे. तिचे मुख्यालय डेहराडूनला. लखनौची राष्ट्रीय संवर्धन प्रयोगशाळा १९७६ साली स्थापन झाली. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे स्वतःचे कलासंवर्धन केंद्र आहे. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात धातूच्या पृष्ठभागावरील किरणोत्सारी मळ लेसरने उडविण्याचे प्रयोग झालेले आहेत, आणि इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात देशी बनावटीचे नीओडिमियम लेसर बनतात. अणुभट्टीचा मळ पुसण्याचे ज्ञान ज्या नगरीत आहे, त्याच नगरीत जोगेश्वरीचे लेणे आहे. या दोहोंची गाठ पडत नाही, कारण अणुशक्ती एका मंत्रालयाकडे, लेणी दुसऱ्याकडे, देवस्थाने राज्याकडे आणि नाल्याचे पाणी महापालिकेकडे. दगडाला मात्र ही खाती ठाऊक नाहीत.

मुंबईत लेसरला सोयीचा दगड अगदीच नाही असे नव्हे. हुतात्मा चौकातील फ्लोरा फाउंटन पांढऱ्या पोर्टलंड दगडाचे आहे. त्यावर वर्षानुवर्षे चढविलेले तैलरंगाचे थर काढून ते २०१९ मध्ये पुन्हा खुले झाले. व्हिक्टोरियाकालीन अनेक इमारतींवर पोरबंदरी चुनखडीची नक्षी आहे. जुहूचे १९७८ साली उभे राहिलेले इस्कॉनचे संगमरवरी मंदिर समुद्राच्या वाऱ्याला तोंड देत आहे. अशा उजळ दगडांवर युरोपचा अनुभव बहुतांशी लागू पडेल, आणि आपल्या संवर्धकांचा हात तिथे बसू शकेल. ताजमहालाचा पिवळेपणा काढण्यासाठी १९९४ पासून मुलतानी मातीचे लेप दिले जातात. ही तर स्त्रियांच्या चेहऱ्यावरच्या उटण्याची युक्ती, आणि ती उपयोगी पडली. स्वस्त व देशी म्हणून ती टाकाऊ ठरत नाही, आणि महाग व विदेशी म्हणून लेसर श्रेष्ठ ठरत नाही.

बेसाल्टसाठी मात्र पाठ्यपुस्तक आपल्यालाच लिहावे लागेल. त्याची सुरुवात मूर्तीपासून होता कामा नये. लेण्यांच्या पायथ्याशी निखळून पडलेले अलंकरणहीन तुकडे असतात. खाणीतून त्याच जातीचा ताजा दगड मिळतो. त्यावर शेंदूर, तेल, काजळी आणि शेवाळ चढवावे, वेगवेगळ्या शक्तीचे व तरंगलांबीचे झोत मारून पाहावेत आणि सूक्ष्मदर्शकाखाली काय घडले ते नोंदवावे. नोंदी मराठीत प्रसिद्ध व्हाव्यात, कारण निर्णय घेणारे विश्वस्त, पुजारी आणि सेवेकरी मराठी वाचतात. दरम्यान ज्या देवस्थानांकडे उत्पन्नाची ददात नाही, त्यांनी मूर्तीची त्रिमित नोंद करून तिची एक प्रत पुरातत्त्व खात्याकडे आणि एक भाविकांना पाहता येईल अशा जागी ठेवावी. त्यासाठी सरकारी आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. गाभाऱ्यातील प्रखर दिव्यांचा झोत रंगीत मूर्तीवर आणि वस्त्रांवर रात्रंदिवस पडू देऊ नये, हेही आजच करता येण्यासारखे आहे. जलरंगातील चित्र किंवा जुने रेशमी वस्त्र यांच्यासाठी संग्रहालये पन्नास लक्सची मर्यादा पाळतात. तेवढ्या मंद उजेडात पूर्वीचे गाभारे सहज बसत असत. घरोघरीच्या रविवर्मा छापाच्या तसबिरीही खिडकीसमोरच्या भिंतीवरून हलविल्या तर आणखी एक पिढी टिकतील.

प्रयोगासाठी घेतलेले दगडाचे तुकडे साफ करून लगेच निकाल जाहीर करण्याची घाई मात्र कुणी करू नये. ते उघड्यावर, पश्चिमेच्या वाऱ्यात ठेवून त्यांच्यावरून निदान एक मृग आणि एक हस्त जाऊ द्यावा लागेल, आणि आश्विनात ते पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली घ्यावे लागतील.